गावगाडा : देणे आणि घेणे

गावगाड्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी, १८१९ मध्ये, एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाच्या अहवालात गावसंस्थेचे गुण वर्णिले होते, आणि १८३० मध्ये मेटकाफने हिंदुस्थानातील खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली होती. पुढे ही उपमा आपल्याकडच्या सुशिक्षितांनी उचलली आणि तिच्यावर स्वयंपूर्ण, सुखी, गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या खेड्याचे चित्र रंगवले. इंग्रज आला, रेल्वे आली, गिरण्या आल्या आणि हे चित्र विस्कटले, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. मीही वर्गात काही वर्षे तेच शिकवले, कारण क्रमिक पुस्तकात तेच होते.

हा इतिहास पांढरीच्या आत बसून लिहिलेला आहे. गावकुसाबाहेर उभे राहून सोलापूर मुलखातील खेड्याकडे पाहिले, तर दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, गाव कधीच स्थिर नव्हते. ते इंग्रजांच्या आधीही बदलत होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गावाचा बहिष्कृतांशी जो व्यवहार होता, त्याला देणे आणि घेणे अशा दोन बाजू होत्या. बदलाच्या प्रत्येक टप्प्यावर गावाने आपले देणे आधी सोडले आणि घेणे शेवटपर्यंत धरून ठेवले. माझ्या मते गेल्या तीनशे वर्षांच्या आपल्या ग्रामीण इतिहासाचे हेच सूत्र आहे.

आधी जुने गाव पाहू. घरांची जागा ती पांढरी आणि शेतीची जमीन ती काळी. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे गावचे कारभारी. वंशपरंपरेने जमीन धरणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. त्यांच्या भोवती बलुतेदार. बलुत्याच्या बहुतेक याद्यांत पहिल्या ओळीत, म्हणजे खळ्यावर सर्वांत मोठा वाटा मिळणाऱ्या ओळीत, सुतार, लोहार आणि चांभार यांच्याबरोबर महार आहे. मांग सामान्यतः त्याच्या खालच्या ओळीत येतो. हे वाचून आपल्या आजच्या विद्यार्थ्याला आश्चर्य वाटते. ज्याची सावलीही चालत नव्हती तो वाट्याच्या पहिल्या ओळीत कसा?

याचे उत्तर कामात आहे. गावची सीमा महाराला ठाऊक, म्हणून सीमेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची. वेशीवर येसकर म्हणून पहारा त्याचा. सरकारी वसूल घेऊन कसब्याला जायचे ते त्याने. मयताची वर्दी परगावी पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे, वाड्यावरची लाकडे फोडायची, आल्यागेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालायची, हे सारे त्यानेच. या कामाबद्दल त्याला बलुते, दारोदारची भाकर, मेलेल्या जनावराचे कातडे आणि हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची दंतकथा आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी होती. ती दंतकथा आहे, तिला सनदेचे मोल नाही. परंतु एका समाजाने आपल्या वाट्याची आठवण राजाज्ञेच्या रूपात जपावी, यातून त्याला तो वाटा भीक वाटत नव्हता, हक्क वाटत होता, हे स्पष्ट होते. हक्कांवरून महार आणि मांग यांचे तंटे होत, ते गोतसभेपर्यंत आणि कधी सरकारपर्यंत जात. दोन भुकेल्यांना एका भाकरीसाठी भांडत ठेवण्याची सोयही याच व्यवस्थेत होती, हे विसरता येत नाही.

मंगळवेढ्याच्या दोन कथा या व्यवहाराचा पुरावा म्हणून वाचता येतात. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली, आणि त्या धान्याची रक्कम विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात भरली, अशी कथा आहे. भक्तांना त्यात देवाची लीला दिसते. मला त्यात गावचे काम दिसते. सरकारी पैसा महाराने वाहून नेणे हे इतके रोजचे होते की, देवालाही तेच सोंग सोयीचे वाटले. पैशाच्या थैलीला महाराचा विटाळ नव्हता, पाण्याच्या घागरीला होता. दुसरी कथा चोखामेळ्याची. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली मंगळवेढ्यात त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत त्याला राहता येत नव्हते, ते कूस बांधताना तो मेला. गावगाड्यातील देणे-घेणे यापेक्षा थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही.

आता गाव इंग्रजांच्या आधी बदलत होते, हे म्हणण्याला आधार काय? सोलापूरच्या मुलखावर बहामनी, आदिलशाही व निजामशाही, मोगल आणि मराठे असे अंमल बदलत गेले. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरी-माचणूर येथे होती. एवढी मोठी छावणी म्हणजे आसपासच्या गावांवर वैरण, लाकूडफाटा आणि माणसांची मागणी. अशा मागणीचा भार गावात कोणाच्या डोक्यावर जातो, हे सांगायला कागद लागत नाही. अंमल बदलला की पाटलाची सनद नवी होई. वेठ मात्र जुनीच राही.

पेशवाईत बदल झाला तो निराळ्या प्रकारचा. जातीच्या मर्यादा राखणे हे काम तोवर मुख्यतः गावचे आणि गोताचे होते. आता सरकार त्यात अधिकाधिक लक्ष घालू लागले. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. तेथे अस्पृश्य पूजेला येत. जागा अरुंद, गर्दीत स्पर्श होतो, अशी तक्रार ब्राह्मणांनी केली. १७८३-८४ च्या सुमारास सरकारी हुकूम झाला की, अस्पृश्यांनी जवळ न येता दूरच्या दीपमाळेपासून किंवा महारवाड्यातून पूजा करावी. म्हणजे जे चोखोबाला हयातीत मिळाले नव्हते, ते त्याच्या जातभाईंना त्याच्या समाधीपाशीही नाकारले गेले, आणि तेही दरबाराच्या मोहरेने. हा हुकूम होण्याआधी लोक तेथपर्यंत जात होते, हे त्याच हुकुमावरून सिद्ध होते. विषमतेची उतरंड अनादि काळापासून जशीच्या तशी चालत आली, असे जे म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. ती वेळोवेळी नव्याने रचली गेली आहे, आणि जे माणसांनी रचले ते माणसांना मोडता येते.

येथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहिले पाहिजे. बांधलेला माणूस आणि बंदिस्त गाव ही केवळ आपलीच कथा आहे असे समजणे बरोबर नाही. रशियातील खेड्याचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा. तेथील शेतकऱ्याला पूर्वी वर्षातून एकदा, २६ नोव्हेंबरच्या संत युरीच्या सणाच्या आसपास, मालक सोडून जाता येत असे. १४९७ च्या कायद्याने हीच मुदत सर्वत्र ठरवून दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही सवलतही बंद होत गेली. १६४९ च्या संहितेने पळून गेलेल्या भूदासाला कितीही वर्षांनी पकडून आणण्याचा अधिकार जमीनदाराला दिला. पुढे पीटर बादशहाने डोईपट्टी बसवली. ती भरण्याची जबाबदारी साऱ्या गावावर सामाईक होती. एकाने चुकवली तर बाकीच्यांनी भरावी. त्या गावसंस्थेला ‘मीर’ म्हणत. अनेक ठिकाणी मीर घरातल्या माणसांप्रमाणे जमिनीच्या पट्ट्यांची फेरवाटणी करी.

या मीरचेही पुढे आपल्या गावगाड्यासारखेच गोडवे गायले गेले. हॅक्सथाउझेन नावाच्या जर्मन सरदाराने १८४३ मध्ये रशियाचा प्रवास करून तिचे वर्णन युरोपला ऐकवले. रशियातील स्लाव्हवादी विचारवंतांना तर मीर म्हणजे रशियन आत्माच वाटला. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता त्यांना मात्र हा आत्मा कसा वाटतो, हे फारसे कोणी विचारले नाही.

साम्य कोठे आहे? सामाईक जबाबदारीत आहे. महारकीचे वतन हे एका माणसाचे नव्हते, गावातल्या सर्व महारांचे होते. पाळी एका घराची असली तरी हाक साऱ्या वाड्याला. बाप हजर नसेल तर मुलाने जावे, मुलगा नसेल तर बाईने. चोवीस तास बांधलेली ही चाकरी होती, आणि तिचा मोबदला मात्र दिवसेंदिवस वाटण्या होत जाणाऱ्या जमिनीच्या तुकड्यात. बाईच्या कामाची तर नोंदच नाही. अंगण झाडणे, शेण-सारवण, सरपण आणणे हे कोणत्याही हक्काच्या यादीत मोबदल्यासह आलेले मला आढळले नाही.

आणि फरक कोठे आहे? तोही तितकाच मोठा आहे. रशियन भूदास गुलामासारखा राबला, पण तो मीरच्या आत होता. तिच्या सभेत घराचा कर्ता म्हणून बसत होता, देवळात त्याच देवापुढे उभा राहत होता, जमिनीच्या वाटणीत त्याचा पट्टा होता. आमचा माणूस राबला आणि शिवाय बाहेर राहिला. म्हणून नुसती जमीन दिली की प्रश्न सुटतो असे म्हणणारे, आणि नुसते देऊळ उघडले की प्रश्न सुटतो असे म्हणणारे, दोघेही अर्धेच सांगतात. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. वाटेगावच्या मांगवाड्यातून निघालेल्या माणसाला भूदासांच्या नातवंडांचा देश का पाहावासा वाटला असेल, याचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे.

१८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर गावात जो बदल झाला तो मुख्यतः सारा-मोजणीने. १८३० नंतरच्या दशकात शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत सुरू केली, तीच पुढे इलाखाभर गेली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला आकार, आकाराला तीस वर्षांची मुदत. सारा रोख, आणि तो ज्याच्या त्याच्या नावावर. गावाची सामाईक जबाबदारी संपली. शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. त्याला आता सुतार-लोहाराचे काम पैशाने करून घेता येऊ लागले आणि बलुते हे त्याला ओझे वाटू लागले. खळ्यावर महाराची पेंढी लहान होत गेली. पण येसकराची हाक लहान झाली नाही.

उलट तिला आता दुसरा धनी मिळाला. १८७४ च्या वतन कायद्याने गावच्या वंशपरंपरागत चाकऱ्या सरकारने आपल्या कामाला पक्क्या जुंपल्या. महाराला गावचे काम होतेच, त्यात मामलेदार, फौजदार, मोजणीदार, टपाल आणि जन्ममृत्यूची वर्दी ही कामे आली. सरकारने त्याला पगार द्यायचा, तर सरकार म्हणे तुला गाव बलुते देते. गावाने बलुते द्यायचे, तर गाव म्हणे तू सरकारचा चाकर आहेस. दोन धन्यांच्या मध्ये पोट एकच होते.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला अतिशय भोवला. १८७२ च्या शिरगणतीपेक्षा १८८१ ची लोकसंख्या कमी भरली, यावरून त्याची कल्पना येईल. गावगाडा दुष्काळात सर्वांना सांभाळून घेई असे सांगितले जाते. बलुते हा पिकाचा वाटा होता. पीकच नाही तर वाटा कशाचा? ज्याच्याकडे पेव होते त्याने पेव राखले. ज्याच्याकडे हक्क होता त्याला खडी फोडायला जावे लागले, आणि सरकारी दुष्काळी कामावरची मजुरी टेंपलच्या हुकुमाने इतकी खाली आणली गेली की, मजुरांनी कामे सोडून निषेध केला.

बाहेर पडण्याची वाट याच काळात उघडली. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, निघाली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि कुर्डुवाडी हे गाव रेल्वेचे ठाणे बनले. रेल्वेच्या गँगमध्ये, मालधक्क्यावर, गिरणीत, लष्करात आमची माणसे गेली. आठवड्याला किंवा महिन्याला हातात रोकड घेणारी ही पहिली पिढी. शहरातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. तरीही एक मूलभूत फरक पडला. गिरणीचा भोंगा सर्वांसाठी एकाच वेळी होई आणि सुटीनंतर माणूस स्वतःचा असे. येसकराला सुटी नव्हती.

या रोकडीतून चळवळ उभी राहिली. १९२४ च्या मे महिन्यात बार्शीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्याच वर्षी जुलैत मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचे वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडले. या घटनेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. येसकराची पाळी बापाकडून मुलाकडे जाते, ती साखळी तोडायची तर मुलगा पाळीच्या वेळी गावात नसला पाहिजे. वसतिगृहाने नेमके तेच केले.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातील मागणी साधी होती. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करून ती सरकारने वसूल करावी आणि महाराला पगार द्यावा. ज्याला वतन नको असेल त्याची जमीन पूर्ण सारा घेऊन त्याच्या नावे करावी आणि त्याला चाकरीतून मोकळे करावे. म्हणजे देणे आणि घेणे दोन्ही कागदावर आणा, नाहीतर दोन्ही सोडा. विधेयकाची चिरफाड झाली आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. फुकट मिळणारी गोष्ट मोजून घ्यायला कोणीच तयार नव्हते. उलट १९४१ मध्ये सरकारने वतन जमिनीवरची जुडी वाढवली, तेव्हा तिच्याविरुद्ध सिन्नरला परिषद घ्यावी लागली.

महाडनंतर गावोगाव महारांनी मेलेली ढोरे ओढणे आणि भाकर मागणे सोडले. त्याला गावाचे उत्तर होते बहिष्कार. दुकान बंद, गिरणी बंद, शेतातली वाट बंद, मजुरी बंद. १९३० मध्ये स्टार्ट समितीने आपल्या अहवालात या हत्याराची नोंद घेतली. बाबासाहेब स्वतः त्या समितीचे सभासद होते. येथे सूत्र उघडे पडते. गाव बलुते द्यायला कुरकुरत होते, ते हळूहळू बंदही करीत होते. पण महाराने काम सोडले तेव्हा गाव खवळले. देणे सुटले तर परंपरा मोडत नव्हती. घेणे सुटले की धर्म बुडत होता.

पंढरपूरचे देऊळ १९४७ साली, साने गुरुजींच्या मे महिन्यातील उपोषणानंतर, अस्पृश्यांना खुले झाले. १७८३-८४ च्या हुकुमापासून मोजले तर एकशे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाला स्पष्ट नकार दिला आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे असे सांगितले. तो नकार पुस्तकी नव्हता. त्यामागे बार्शीपासून सिन्नरपर्यंत ऐकलेली गाऱ्हाणी होती. आणि १९५६ च्या धर्मांतराने उरलेला धागा तोडला. ज्या ‘जोहारा’ने गावाचे घेणे सुरू होई, तो शब्दच आमच्या तोंडून गेला.

१ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गाव वतने कायद्याने रद्द झाली. महारकी संपली, तिच्या जागी पगारी कोतवाल आला. हे मोठे पाऊल होते. परंतु कायद्याचा तपशील पाहा. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करून जी जमीन कसली, ती पुन्हा आपल्या नावे करून घेण्यासाठी वतनदाराने आकाराच्या काही पट कब्जेहक्काची रक्कम भरायची होती, आणि नंतरही परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. रशियात १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले तेव्हाही असेच झाले. जमिनीची किंमत त्यांनी ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. १९०५ च्या उठावानंतर, १९०७ पासून, ते हप्ते माफ झाले. दोन्हीकडे मुक्तीची पावती मुक्त होणाऱ्याच्याच नावावर फाडली गेली. आमच्याकडे अनेकांना भरणा करायचा असतो हेच कळले नाही. कळले त्यांतल्या पुष्कळांकडे पैसे नव्हते. दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला, यातच सारे आले.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेच्या काठची कोरडवाहू जमीन उसाखाली गेली. ज्या हाडोळ्याला कोणी विचारत नव्हते त्याला भाव आला, आणि मग वतनाची जमीन साठेखताने, तोंडी व्यवहाराने, कधी नुसत्या वहिवाटीने दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याची प्रकरणे तहसील कचेरीत साचू लागली. गावाने बलुते केव्हाच सोडले होते. आता हाडकी-हाडोळाही परत घेण्याचे काम सुरू झाले. आजही सातबाऱ्यावर या जमिनी निराळ्या वर्गाने ओळखल्या जातात, आणि त्यांचा इतिहास ठाऊक नसलेला मुलगा कागदावर सही करतो.

म्हणून हा विषय मला केवळ अभ्यासाचा वाटत नाही. गावगाड्याचा इतिहास जो लिहील त्याच्या हाती जमिनीचा दावाही राहील. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी आपापल्या गावचे कडईपत्रक, जुने फेरफार, वतनाची नोंदवही आणि १९५९ नंतरच्या भरण्याच्या पावत्या शोधून त्यांच्या नकला कराव्यात. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना कोणत्या वाड्यावर कोणते काम कोणत्या मोबदल्यावर केले, ते विचारून लिहून घ्यावे, कारण ते कोणत्याही दप्तरात नाही. शिक्षकांनी स्वयंपूर्ण खेड्याचा धडा शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखावेत, एक देण्याचा आणि एक घेण्याचा. धडा तोच राहू द्या. रकाने भरायला मुलांना सांगा. कोणाच्या घामावर ती स्वयंपूर्णता उभी होती, ते त्यांना आपोआप कळेल.